रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतरचं दीड वर्ष

मी सातारा जिल्ह्यात एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ सहायक आहे. वय ४६. जून २०२४पासून माझ्यावर पॅनिक डिसऑर्डरचे, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याच्या आजाराचे, उपचार चालू आहेत. उपचार सुरू झाल्यानंतरच्या काळापेक्षा त्याआधीचे तीन महिने मला जास्त जड गेले. प्रत्येक तपासणी चांगली येत होती आणि मी मात्र दिवसेंदिवस बिघडत चाललो होतो. पुढे कुठे जायचं हे कुणी सांगत नव्हतं. आज त्याच जागी जे कोणी असतील, त्यांच्यासाठी तारखा, खर्च आणि कागदपत्रांसकट लिहितोय.

मार्च २०२४. मार्चएंडची गडबड ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बिलं कोषागारात जायची, त्रुटी लागून परत यायची, पुन्हा दुरुस्त करून पाठवायची. रात्री दहा-अकराशिवाय घर दिसत नव्हतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री दोनच्या सुमाराला मी दचकून जागा झालो. छाती धडधडत होती, दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या, कितीही श्वास घेतला तरी पुरत नव्हता. आणि एक अगदी स्पष्ट जाणीव होती: आपण आत्ता मरणार. बायको "अहो, काय होतंय?" म्हणत होती आणि मला उत्तर देता येत नव्हतं. शेजाऱ्यांनी गाडी काढली.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत धडधड बरीच कमी झाली होती. ईसीजी काढला, हृदयाला इजा झाली का ते सांगणारं रक्तातलं ट्रोपोनिन तपासलं, रात्रभर मॉनिटर लावून ठेवलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, "हार्ट एकदम ओके आहे, गॅसेस असतील." बिल ७,४०० रुपये झालं. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आईने संध्याकाळी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

पुढच्या आठवड्यात ऑफिसचा जिना चढताना पुन्हा तसंच झालं. मग बाजारात. मग नुसतं घरात बसलेलो असताना. एप्रिलमध्ये टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, ट्रेडमिलवर पळवून झालं, थायरॉईड, बी-१२, साखर, हिमोग्लोबिन, सगळं झालं. त्या दीड महिन्यात साधारण एकोणीस हजार रुपये गेले. फाईल जाड होत गेली आणि प्रत्येक पानावर नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, "टेन्शन घेऊ नका, फिरायला जात जा."

हृदयाच्या तपासण्या केल्या याचं मला वाईट वाटत नाही. छातीत दुखत असेल, श्वास अडकत असेल तर त्या आधी व्हायलाच हव्यात. पण हृदयाचा आजार नाही, एवढंच त्यातून कळलं. मग आहे तरी काय, हे विचारायचं राहूनच गेलं. तुमच्या बाबतीत असं झालं तर डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी सरळ विचारा: "डॉक्टर, हा भीतीचा झटका असू शकतो का? मानसोपचारतज्ज्ञांना दाखवू का?" हे एक वाक्य मला मार्चमध्ये माहीत असतं तर एप्रिल आणि मे वाचले असते.

या काळात माझं जगणं कसं आक्रसत गेलं तेही सांगतो, कारण बाहेरून ते कुणाला दिसत नाही. आधी मोटरसायकल सुटली. मग चहा सोडला, कारण चहानंतर नाडी वाढायची. जिन्याऐवजी लिफ्ट हवी असायची आणि लिफ्टमध्ये गेलं की दार बंद होण्याची भीती. सभेत दाराजवळची खुर्ची. खिशात पाण्याची छोटी बाटली. दर पाच-दहा मिनिटांनी मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायची. एसटीने पुण्याला जाणं तर बंदच झालं, कारण वाटेत खंबाटकीचा बोगदा आहे. बोगद्यात झटका आला तर उतरणार कुठे, हा विचार आदल्या रात्रीपासून पाठ सोडायचा नाही.

एप्रिलच्या मध्याला लोकसभा निवडणुकीच्या ड्युटीचा आदेश आला. साताऱ्याचं मतदान ७ मे २०२४ला होतं. ड्युटी रद्द करण्यासाठी अर्ज करावा म्हणून फाईल घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आलं की जोडायला माझ्याकडे काहीच नाही. सगळे कागद मी ठणठणीत असल्याचंच सांगत होते. आजाराला कागदावर नाव नसेल तर कार्यालयाच्या लेखी तो आजार नसतोच, आणि त्यांना तरी दोष कसा देणार? मी गेलो. ६ तारखेला साहित्य घेतलं, मतदान यंत्रं मांडीवर घेऊन बसने केंद्रावर पोहोचलो, रात्र शाळेच्या वर्गात काढली. पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे यंत्रं तपासायचं चाचणी मतदान, सुरू करायचा होता आणि माझे हात इतके कापत होते की सील लावता येईना. आमचे केंद्राध्यक्ष हायस्कूलचे शिक्षक होते. त्यांनी गाजावाजा न करता माझ्या हातातलं सील घेतलं आणि मला म्हणाले, "तुम्ही बाहेर कट्ट्यावर दहा मिनिटं बसून या, मी बघतो." संध्याकाळी साहित्य जमा करायच्या रांगेत त्यांनी सांगितलं की त्यांच्या धाकट्या भावाला नेमकं असंच व्हायचं, मानसोपचारतज्ज्ञांची औषधं घेतली, आता तो ट्रक चालवतो. इतक्या डॉक्टरांनंतर पुढचा रस्ता मला पहिल्यांदा त्या रांगेत कळला.

तरी लगेच पाय उचलला नाही. मे महिन्यातल्या एका रात्री झोप येईना म्हणून टेलिमानसचा १४४१६ हा नंबर लावला. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. फोन मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. १८००-८९-१४४१६ हाही त्यांचाच नंबर. आधी भाषा निवडायची असते, मराठी आहे. फोनवरच्या ताईंनी झोप, भूक, काम, दारू-तंबाखू सगळं विचारलं. जगणं नको असं वाटतं का, स्वतःला इजा करण्याचा विचार येतो का, हेही स्पष्ट विचारलं. मला तसं वाटत नव्हतं. तुम्हाला वाटत असेल तर पुढचं वाचायचं थांबवा, आधी हा नंबर लावा आणि घरातल्या एका तरी माणसाला उठवून सांगा. त्या ताईंनी फोनवर निदान केलं नाही, गोळ्या सांगितल्या नाहीत. सांगितलं एवढंच की हे उपचारांनी बरं होण्यासारखं वाटतंय, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि जिल्हा रुग्णालयातही ही सोय असते. अर्धा तास कुणीतरी शांतपणे ऐकून घेतलं. त्या रात्री झोप लागली.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत, त्यामुळे पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाचा केस पेपर काढायला अजिबात कचरू नका. मी खाजगी डॉक्टर निवडले, कारण जिल्हा रुग्णालयात आमच्या खात्यातली माणसं रोज असतात आणि त्या वेळी ती भीड मला पेलवली नसती. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून बरेच जण पुण्याला जातात. बोगद्यामुळे माझ्यासाठी तो प्रश्नच मिटला होता. साताऱ्यातच नंबर लावला. नव्या पेशंटसाठी दोन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

त्या दोन आठवड्यांत एक काम केलं ते फार उपयोगी पडलं. एका वहीत झटक्यांची नोंद ठेवली: वेळ, जागा, आधी काय चाललं होतं, किती मिनिटं टिकला. मला प्रत्येक झटका तासभराचा वाटायचा. घड्याळ लावून पाहिलं तर दहा मिनिटांत तो टोकाला जायचा आणि मग उतरायला लागायचा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली भेट झाली. फी १,००० रुपये, नंतरच्या भेटींना ५००. वेटिंगमध्ये दहावी-बारावीची मुलं होती, एक शेतकरी जोडपं होतं, एक पोलीस होता. डॉक्टरांनी पाऊण तास दिला. वही वाचली, फाईल चाळली, सात प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला. त्यात जास्तीत जास्त २१ गुण असतात आणि १५ किंवा त्याहून जास्त आले की चिंता तीव्र समजतात. माझे १७ आले. मग बायकोला आत बोलावून दोघांनाही एकत्र सांगितलं: पॅनिक डिसऑर्डर आहे आणि त्याच्या जोडीला गर्दी, बस, बोगदा अशा जागा टाळण्याचं प्रमाण वाढलंय. मुंग्या का येतात तेही समजावलं. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटं बधिर होतात, डोकं हलकं होतं, आणि ते जाणवून माणूस आणखी घाबरतो. "राखणीचं कुत्रं आहे, चोर नसताना भुंकतंय. कुत्रं वाईट नाही, त्याला जरा शिकवायचं आहे," असं ते म्हणाले. बायको घरी येईपर्यंत काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "म्हणजे तुम्ही खोटं करत नव्हता." तिला इतके दिवस काय वाटत असेल, ते मला त्या एका वाक्यात कळलं.

औषध एस्सिटालोप्राम, पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, मग १०. सोबत क्लोनाझेपामची अगदी छोटी गोळी रात्री, दोन आठवड्यांपुरती, मग कमी करत बंद. ही दुसरी गोळी लवकर बरं वाटायला लावते पण तिची सवय लागू शकते, म्हणून ती मनाने वाढवायची नाही, हे त्यांनी चिठ्ठीवर लाल शाईने लिहिलं. मेडिकलवाल्याने चिठ्ठी नीट पाहिली आणि तिच्यावर दुकानाचा शिक्का मारून परत दिली. (माझा डोस बघून स्वतःचा ठरवू नका. प्रत्येकाचं वय, वजन, बाकीचे आजार वेगळे असतात.)

पहिले दहा दिवस कठीण गेले. मळमळ, पातळ शौच, सारखी जांभई, आणि अस्वस्थता उलट थोडी वाढलेली. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, शिवाय खरा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतील हेही. नसतं सांगितलं तर मी गोळी फेकून दिली असती. पाचव्या दिवशी फोन केला, त्यांनी गोळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली, मळमळ कमी झाली. फोन करायला संकोच करू नका, औषध मध्येच स्वतःहून बंद करण्यापेक्षा तो फोन कितीतरी बरा.

आता रजेचं. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती लिहून दिली. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून परिवर्तित रजा टाकली. ही रजा पूर्ण पगारी असते, पण अर्धपगारी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात, हे लक्षात ठेवून मगच दिवस मागा. प्रमाणपत्रावर आजाराचं नाव लिहावं लागेल आणि ते आवक-जावकपासून सगळे वाचतील, या विचाराने मी दोन दिवस अर्ज हातात धरून बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, "मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७मध्ये तुमच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिलाय. मी खरं तेच लिहिणार, पण ते सीलबंद पाकिटात द्या." अधीक्षकांना पाकीट हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवलं आणि "फिटनेस आणायला विसरू नका," एवढंच म्हणाले. इतके दिवस मी ज्या क्षणाला घाबरत होतो तो एवढाच होता. हजर होताना फिटनेस सर्टिफिकेट लागतंच, ते शेवटच्या भेटीत आठवणीने मागून घ्या.

जुलैत मुलीची पुण्याला ॲडमिशन झाली. मी गेलो नाही. बायको आणि मेव्हणा गेले. गाडी सुटताना मुलीने खिडकीतून हात केला, मी स्टँडवरच उभा. त्या दिवसाचं दुःख अजून आहे.

त्याच महिन्यात डॉक्टरांनी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे गोळ्यांशिवाय बैठका घेऊन उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडे, पाठवलं. 'समुपदेशक' अशी पाटी कुणीही लावतं, म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेचा म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक आहे का ते विचारून घ्या, विचारल्याचा कुणाला राग येत नाही. एका बैठकीचे ७०० रुपये, आधी दर आठवड्याला, पुढे पंधरा दिवसांनी. मला वाटलं होतं की बसून बालपणाबद्दल बोलायचं असेल. मॅडमनी दुसऱ्याच बैठकीत हातात ज्यूसची बारीक स्ट्रॉ दिली. नाक दाबून फक्त तिच्यातून श्वास घ्यायचा, एक मिनिट. तिसाव्या सेकंदाला छातीत तेच सुरू झालं, तीच घुसमट, तेच "आता संपलं." मॅडम घड्याळ बघत होत्या. मिनिट झालं, स्ट्रॉ काढली, भीती दहापैकी किती ते लिहिलं: नऊ. थोडं थांबून पुन्हा. मग खुर्चीत गरगर फिरणं, मग जागच्या जागी पळणं. ज्या संवेदनांना मी मरण समजत होतो त्या मुद्दाम उभ्या करायच्या आणि त्या आपोआप ओसरताना बघायच्या. काही बैठकांनंतर स्ट्रॉची भीती तीनवर आली. हृदय ठीक असल्याची खात्री झाल्याशिवाय मॅडम हे व्यायाम देत नाहीत, त्यामुळे ती नॉर्मल रिपोर्टांची जाड फाईल इथे कामी आली.

घरी एक तक्ता भरायचा असायचा. प्रसंग, त्या वेळी आलेला विचार, त्याच्या बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा, आणि शेवटी जास्त खरा वाटणारा विचार. माझं एक पान असं आहे: "बस बोगद्यात थांबली. विचार: श्वास कोंडून मरेन. बाजूने: तसं वाटतंय. विरुद्ध: आतापर्यंत प्रत्येक वेळी श्वास चालूच राहिला. खरा विचार: घुसमट होईल, उतरेल, गाडी पुढे जाईल."

ऑगस्टपासून एसटी. मॅडमनी पायऱ्या आखून दिल्या, सर्वांत सोपी खाली, सर्वांत अवघड वर. आधी वाईच्या साध्या गाडीने लिंब फाट्यापर्यंत, बायको सोबत. तिचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण. मग पाचवडपर्यंत. मग पाचवडपर्यंत एकट्याने. मग पुण्याकडच्या साध्या गाडीने सुरूरपर्यंत, म्हणजे बोगद्याच्या अलीकडे. अट अशी की भीती वाढली तरी अर्ध्यात उतरायचं नाही, ती खाली येईपर्यंत बसून राहायचं. पुढे आणखी एक अट आली: पाण्याची बाटली घरी ठेवायची, नाडी मोजायची नाही. ती बाटली सोडणं मला गोळीपेक्षा अवघड गेलं.

सप्टेंबरच्या शेवटी बोगदा. तेव्हा पुण्याला जाताना बोगदा आणि येताना घाट लागायचा, हे या रस्त्याने जाणाऱ्यांना माहीत आहेच. खिडकीतून उजेड गेला तसे तळहात ओले झाले. मी सीटचा दांडा धरला नाही, हात मांडीवर ठेवले, तसं ठरलं होतं. भीती सातपर्यंत गेली. बाहेर आलो तेव्हा सहा होती, शिरवळला दोन. शिरवळ स्टँडवर चहा घेतला, साखरेचा, पूर्ण कप. दिवाळीत विनाथांबा गाडीने स्वारगेटला गेलो आणि मुलीला घेऊन आलो.

नोव्हेंबरमध्ये विधानसभेची ड्युटी लागली, मतदान २० तारखेला. या वेळी आजाराचं नाव असलेला कागद माझ्याकडे होता आणि सूट मागता आली असती. डॉक्टर आणि मॅडम दोघांशी बोललो. दोघांनीही निर्णय माझ्यावर सोडला. मी गेलो. रात्री वर्गात एकदा धडधड झाली, सतरंजीवर बसून तिला तिच्या वेळात उतरू दिलं. सकाळी मॉक पोलची सीलं मीच लावली. ज्यांना त्या वेळी झेपत नसेल त्यांनी सूट मागावी, त्यासाठीच ती असते.

मार्च २०२५मध्ये एक आठवडा पुन्हा वाईट गेला. झोप उडाली, लागोपाठ झटके आले. सगळं वाया गेलं असं वाटून रडलो. डॉक्टरांनी डोस बदलला नाही, रात्री नऊनंतर बिलं बघायची नाहीत असं बजावलं. मॅडमनी ताणाच्या दिवसांसाठीचा तक्ता पुन्हा भरायला लावला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गाडी रुळावर आली. असे आठवडे येणार हे धरूनच चालायचं असतं, असं दोघांनीही सांगितलं.

विम्याबद्दल बरेच जण विचारतात. २०१७च्या कायद्यात मानसिक आजारासाठीही शारीरिक आजारासारखाच वैद्यकीय विमा दिला पाहिजे असं आहे. पण नेहमीच्या पॉलिसीत दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या तपासणीचा आणि गोळ्यांचा खर्च सहसा बसत नाही, माझाही बसला नाही. या वर्षी विम्याची रक्कम वाढवायची होती. एजंट म्हणाला, "हे लिहू नका." मी लिहिलं, औषधाच्या नावासकट. लपवलं तर उद्या भलत्याच आजाराचा क्लेमही अडकू शकतो. हप्ता थोडा वाढला.

खर्चाची वही बघितली तर निदान झाल्यापासून पहिल्या वर्षात डॉक्टर, बैठका आणि गोळ्या मिळून साधारण चोवीस हजार गेले. त्यात बैठकांचा वाटा सर्वांत मोठा. गोळ्या महिन्याला तीनशेच्या आत, आणि जनऔषधी केंद्रात त्याहून बऱ्याच स्वस्त मिळतात. डॉक्टरांना विचारून मी तिकडूनच घेतो.

जुलै २०२५पासून गोळी कमी करायला सुरुवात झाली. आधी साडेसात, आता पाच, प्रत्येक टप्पा काही आठवड्यांचा. मध्ये दोन-चार दिवस डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. ते डोस कमी करताना होतं आणि जातं, हे विचारून घेतलं होतं. आईने माझी गोळी तिच्या बीपीच्या गोळीसोबत एकाच डबीत ठेवली आहे. सकाळी दोघांच्या गोळ्या तीच काढते. बैठका आता तीन महिन्यांतून एकदा. डॉक्टरांकडची पुढची तारीख डिसेंबरची आहे. पाचवरून खाली यायचं की अजून काही महिने तिथेच थांबायचं, ते तेव्हा ठरेल.